कृष्णमूर्तीरावांची नवमी

कुंभकोणम्‌च्या नोंदणी कचेरीसमोर झेरॉक्सची सात दुकानं आहेत. त्यांतल्या सहा दुकानांत कागदाची नक्कल मिळते. सातव्यात, म्हणजे अंबुजाबाईंच्या दुकानात, नकलेबरोबर सल्लाही मिळतो, आणि नको असला तरी मिळतो.

अंबुजाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. लग्नानंतर दोन वर्षांनी नवऱ्यानं हे दुकान काढलं. तो गेल्यावर गेली अकरा वर्षं त्या एकट्या चालवतात. कागद काचेवर पालथा ठेवताना एक नजर आणि उचलताना दुसरी नजर, एवढ्या दोन नजरांत त्या अख्खं खरेदीखत वाचून काढतात. "मामा, तुमच्या वडिलांचं नाव इथं एक लिहिलंय आणि दाखल्यावर दुसरंच. आत जाऊ नका, परत पाठवतील," असं त्या गिऱ्हाइकाला सांगतात. गिऱ्हाईक चिडतं, आत जातं आणि अर्ध्या तासानं परत येतं. मग अंबुजाबाई त्याला बसायला स्टूल देतात. त्यांचा नियम साधा आहे. कागदात तीन गोष्टी पाहायच्या: तारीख, शिक्का आणि खाली सही करणारा. मधला मजकूर कोणीही लिहितं.

दुकानात त्या तमिळ बोलतात आणि घराचा उंबरठा ओलांडला की मराठी. ही मराठी तंजावरकडची, तीनशे वर्षांपूर्वी पूर्वजांनी सोबत आणलेली. मशीन दुरुस्त करायला एकदा पुण्याचा तंत्रज्ञ आला होता. त्यानं ती ऐकली आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही बोलता तेव्हा जुनं दप्तर उघडल्यासारखं वाटतं."

"वाळवी तर लागली नाहीं ना?" अंबुजाबाईंनी विचारलं.

घरी त्यांचे वडील सुंदरराव असतात. वय पंच्याऐंशी, कानानं थोडे मंद, आवाज मात्र खणखणीत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले त्यालाही आता सत्तावीस वर्षं झाली, पण समोरच्या माणसाचं चुकलं की बोट अजून आपोआप वर जातं. अंबुजाबाईंचा धाकटा भाऊ रविशंकर चेन्नईला असतो. त्याची मुलगी जननी, वय सव्वीस, तिथल्याच एका औषध कंपनीत काम करते. तिचं लग्न ठरलं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं, कुंभकोणम्‌लाच, आणि जुलैत सगळे निमंत्रणपत्रिकेचा मजकूर करायला घरी जमले. तिथून या गोष्टीला सुरुवात झाली.

लग्नात कन्यादानाच्या आधी पुरोहित वधूच्या तीन पिढ्या मोठ्यानं पुकारतात. अमक्याची पणती, तमक्याची नात, फलाण्याची मुलगी, असं तीनदा. सगळ्या मांडवाला ऐकू जावं म्हणून तीनदा. जननीच्या बाबतीत मुलगी रविशंकरची आणि नात सुंदररावांची, इथपर्यंत सोपं होतं.

"पणती तुळजारावांची," सुंदरराव म्हणाले. "लिहून घे."

जननीनं पेन खाली ठेवलं. "आज्जा, तुळजाराव तुमचे काका. तुमच्या वडिलांचं नांव कृष्णमूर्ती नव्हे काय?"

रविशंकरला अचानक पाणी प्यावंसं वाटलं आणि तो आत गेला.

अंबुजाबाईंना स्वतःचं लग्न आठवलं. त्यांच्या वेळीही आजोबा म्हणून तुळजारावांचंच नाव पुकारलं गेलं होतं. तेव्हा त्यांनी ते ऐकलं होतं आणि मान खाली घालून बसल्या होत्या. या घरात कृष्णमूर्ती हे नाव घ्यायची पद्धत नव्हती. कारण सगळ्यांना माहीत होतं, लहानपणी एकदाच आणि हळू आवाजात सांगितलं गेलेलं. कृष्णमूर्तीराव रेल्वेत तिकीट कारकून होते. वडील वारल्यावर त्यांची बदली पापनाशम्‌ला झाली. बायको अंबाबाई आणि मुलगा सुंदर शाळेसाठी इथंच, धाकट्या भावाकडे, म्हणजे तुळजारावांकडे राहिले. १९४९ साली कृष्णमूर्तीराव स्वतःच्या वडिलांच्या श्राद्धाला आले नाहीत. थोरला मुलगा, पिंड त्यानं द्यायचे, आणि तो आलाच नाही. बरोबर महिन्यानं उगवले, ते सकाळी मंडळी जेवत असताना. काही न बोलता त्यांनी सांबाराचं भांडं लाथेनं उपडं केलं आणि भावाच्या थोबाडीत मारली. अंबाबाईंनी त्यांच्याबरोबर जायला नकार दिला. ते गेले ते पुन्हा या घरी आले नाहीत. १९७१ साली पापनाशम्‌हून पोस्टकार्ड आलं, की माणूस गेला, क्रियाकर्म झालं.

"मीं नऊ वर्षांचा होतों," सुंदरराव म्हणाले. "शेवग्याच्या शेंगांचें सांबार होतें. माझ्या पानांत वाढणार तोंच तो आला. काकांनीं मला जेवूं घातलें, मुंज केली, शिकविलें. आपल्या बापाची तिथी विसरणाऱ्याचें नांव ह्या मुलीच्या लग्नांत पुकारलें, तर मीं मांडवांतून उठून जाईन."

"आणि खोटें नांव पुकारलें तर मीं उठून जाईन," जननी म्हणाली. "मग कार्तिक एकटाच बसेल होमापुढें." कार्तिक हा होणारा नवरा.

"बसूं दे. पोरगा थंड आहे," सुंदरराव म्हणाले.

पेच असा पडला. आजोबा नसलेलं लग्न जननीला नको होतं, खोटा पणजोबाही नको होता. तिनं रात्रीच्या गाडीला निघण्यापूर्वी आत्याला बाजूला घेतलं. "आत्या, सगळ्या गावाचे कागद तुम्हीं वाचतां. आपले कधीं वाचणार?"

हे अंबुजाबाईंना बरोबर लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून त्या माळ्यावर चढल्या. तुळजाराव पंचांगं जपून ठेवत, दर वर्षाचं एक, आणि घरातल्या ठळक गोष्टी त्या त्या दिवसाच्या समासात बारीक अक्षरात लिहीत. गाय व्याली, छत गळलं, पाहुणे आले, पाहुणे गेले (याखाली एकदा रेघ ओढलेली होती). १९४९ चं पंचांग सापडलं. १४ नोव्हेंबर, कार्तिक वद्य नवमी: "बाबांचें श्राद्ध. थोरला आला नाहीं. निरोपही नाहीं." १४ डिसेंबर: "थोरला आला. भांडें उपडें केलें. हात उगारिला. वहिनी जात नाहीं म्हणाली." आणि पुढच्या जानेवारीत एक ओळ, जी अंबुजाबाईंनी कधी ऐकली नव्हती: "थोरल्याचें पत्र आलें. न फोडतां परत केलें."

अंबुजाबाई खाली उतरल्या, हात धुतले आणि सकाळी दुकानात जाऊन तिन्ही पानांच्या दोन दोन नकला काढल्या. सवय.

मग त्यांनी पापनाशम्‌च्या कचेरीत मृत्युनोंदीचा उतारा मागितला. तारीख माहीत नाही, वर्ष १९७१. तिथल्या कारकुनानं "वर्षभराचं रजिस्टर चाळायचं का मी?" असं विचारलं. अंबुजाबाई म्हणाल्या, "तुम्ही नका चाळू, मी चाळते. तुम्ही फक्त बघत बसा." आठवड्याभरानं उतारा हातात आला. नाव, वय एकसष्ट, कारण ताप. अंबुजाबाईंची नजर सवयीनं खाली गेली, खबर देणाऱ्याच्या नावावर. वांछिनाथ, वाध्यार. वाध्यार म्हणजे पुरोहित. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं: शेजारी.

वाध्याराचं घर सापडायला वेळ लागत नाही. ज्या रस्त्यात पुरोहित राहतात तिथं जाऊन पहिल्या दारात विचारायचं. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी अंबुजाबाई बसनं पापनाशम्‌ला गेल्या. वांछिनाथ केव्हाच गेले होते. त्यांचा नातू साईकुमार सकाळी पौरोहित्य करतो आणि दुपारी विम्याच्या कचेरीत बसतो. तो नुकताच एका गृहप्रवेशाहून परतला होता, आणि एका हातानं उपरणं सोडत दुसऱ्या हातानं मोबाइलवर कुणाला तरी हप्त्याची तारीख सांगत होता.

"स्टेशन राव?" नाव ऐकताच तो हसला. "मी पाहिलं नाही त्यांना. पण आमच्या घरात त्यांच्या गोष्टी चालायच्या. फार तापट माणूस, मामी. कुणाची गाडी चुकली की खिडकीतून ओरडायचे, 'वेळेवर यायला काय होतं?' आणि मग त्यालाच स्वतःच्या डब्यातला दहीभात द्यायचे. आजोबा म्हणायचे, शिव्या आणि भात एकदम देणारा एवढा एकच माणूस पाहिला."

त्यानं एक पत्र्याची पेटी बाहेर आणली. पुरोहितांकडे यजमानांच्या तिथ्यांची वही असते. कुणाकडे कुठल्या महिन्यात, कुठल्या पक्षात, कुठल्या तिथीला जायचं याची. वांछिनाथांनी दर वर्षाची वेगळी वही ठेवली होती, लांबट, पुठ्ठ्याची. साईकुमार जमिनीवर मांडी घालून एकेक काढत गेला आणि अंबुजाबाई नाकावर चष्मा सारून वाचत गेल्या. १९४९ ची वही. तमिळमध्ये लिहिलं होतं: "कार्तिकै २९, कृष्णपक्ष नवमी. स्टेशन राव, वडिलांचं श्राद्ध. सकाळच्या गाडीनं साहित्य घेऊन कुंभकोणम्‌ला गेले. दुपारी परत आले. काही बोलले नाहीत. इथंच केलं."

"कार्तिकै २९ म्हणजे इंग्रजी तारीख?" अंबुजाबाईंनी विचारलं.

साईकुमारनं पान उलटून पाहिलं. "डिसेंबर चौदा."

अंबुजाबाईंचा चेहरा पडला. म्हणजे काकाआजोबांनी लिहिलं ते शब्दन् शब्द खरं. श्राद्ध १४ नोव्हेंबरला होतं आणि हा माणूस १४ डिसेंबरला साहित्य घेऊन निघाला. त्यांना वाटलं होतं, कुठल्या तरी कागदात तो आजारी सापडेल, किंवा गाडी रुळावरून घसरलेली सापडेल. सापडलं ते हे. एक महिना उशीर, आणि वर लाथ. तरी त्यांनी पानांचे फोटो काढून घेतले, शिवाय पुढच्या वह्याही चाळल्या. १९५०, ५१, ५२... दर वर्षी स्टेशन रावांची नोंद होती. शेवटची १९७० ची.

परतताना बसमध्ये त्यांनी ठरवलं, की यातलं एक अक्षर घरी सांगायचं नाही. घरी आल्यावर सुंदररावांनी विचारलं, "कोठें गेली होतीस?"

"तिरुभुवनम्. जननीच्या साड्या पाहायला."

"कशा आहेत?"

"महाग," अंबुजाबाई म्हणाल्या. यात चूक व्हायची शक्यताच नव्हती.

पुढचा आठवडा त्यांनी गप्प काढला. गिऱ्हाइकांना सल्लाही मिळेना. एका वकिलानं तर काळजीनं विचारलं, "मामी, तब्येत बरी आहे ना? माझ्या करारात काहीच चूक नाही?"

मग १४ सप्टेंबरचा रविवार उजाडला. संध्याकाळी शेजारच्या अय्यंगार मामी डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. डब्यात सीडै, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोळ्या, मुरुक्कू म्हणजे चकल्या, आणि लोण्याचा गोळा.

"घ्या अंबुजा, आज आमचा कृष्ण जन्मला."

"आज?" अंबुजाबाई म्हणाल्या. "आमचा पंधरा ऑगस्टलाच जन्मला, मामी. एव्हाना पालथा पडायला लागला असेल."

"तुमचा चंद्रावर चालतो, आमचा सूर्यावर," मामी म्हणाल्या. "आमच्याकडे आवणी महिना लागल्याशिवाय कृष्ण येत नाही. या वर्षी तुमची अष्टमी आली तेव्हा आवणी लागायला दोन दिवस बाकी होते. मग आम्ही आमच्या आवणीतली अष्टमी येईपर्यंत थांबलो. गेल्या वर्षी नाही का, दोघांचा एकाच दिवशी झाला? सीडै कडक झाली आहे, अप्पांना जपून द्या."

मामी आणखीही काही बोलत होत्या. अंबुजाबाई डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, मग "मामी, एक मिनिट" म्हणून आत गेल्या आणि वीस मिनिटं बाहेर आल्याच नाहीत. मामी बिचाऱ्या दारातच बसून सुंदररावांशी मोठ्यानं हवामानाबद्दल बोलत राहिल्या.

आत अंबुजाबाईंनी साईकुमारला फोन लावला होता. "अहो, १९४९ साली तुमचा कार्तिकै महिना कधी लागला? जुनं पंचांग आहे ना?"

फोनवर बराच वेळ पानांचा आवाज आला. "सोळा नोव्हेंबर, मामी."

आणि आपली कार्तिक वद्य नवमी चौदाला. फरक दोन दिवसांचा.

आता सगळं उलगडलं. मराठी घरं चंद्राचे महिने मोजतात, तमिळ घरं श्राद्धासाठी सूर्याचे. बहुतेक वर्षी दोन्ही हिशेबांनी तिथी एकाच दिवशी पडते. १९४७ साली मृत्यू झाला तेव्हा पडली होती, १९४८ साली पहिलं वर्षश्राद्ध झालं तेव्हाही पडली. १९४९ साली पहिल्यांदाच दोन हिशेब वेगळे झाले, आणि त्याच वर्षी कृष्णमूर्तीराव पहिल्यांदाच घराबाहेर होते. पंचांग पाहायचं काम कायम धाकट्या भावाचं. पापनाशम्‌ला विचारणार कुणाला? शेजारच्या वाध्यारांना. बाहेर तमिळ बोलायची सवय, म्हणून सांगितलंही तमिळमध्येच: "माझे वडील कार्तिकै महिन्यात, कृष्णपक्षात, नवमीला गेले." वांछिनाथांनी आपल्या यजमानांचा पाहायचा तसाच त्यांचाही दिवस काढून दिला. १४ डिसेंबर.

म्हणजे त्या सकाळी तो माणूस उपाशी निघाला होता, तीळ, दर्भ आणि पिंडाचे तांदूळ घेऊन. वेळेवर. त्याच्या हिशेबानं अगदी वेळेवर. घरात पाऊल टाकतो तर वडिलांच्या तिथीला भाऊ पहिल्या पंगतीत बसून जेवतो आहे, आणि सांबार कशाचं, तर श्राद्धाच्या दिवशी वर्ज्य असलेल्या शेवग्याच्या शेंगांचं.

"अय्यो आजोबा," अंबुजाबाई स्वतःशीच म्हणाल्या, "निदान तोंडानें विचारायचेंत तरी."

दोघा भावांपैकी कुणीच विचारलं नाही. थोरल्याला वाटलं, धाकटा बापाला विसरला. धाकट्याला वाटलं, थोरला विसरला. पुढच्या वर्षी दोन्ही पंचांगं पुन्हा एकाच दिवसावर आली, पण तोवर दोघांचं बोलणं बंद झालं होतं. एकानं कुंभकोणम्‌ला आणि दुसऱ्यानं पापनाशम्‌ला, त्याच दिवशी, त्याच बापाचं श्राद्ध केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी झाल्यावर अंबुजाबाईंनी वडिलांसमोर टेबलावर सगळ्या नकला क्रमानं मांडल्या. पंचांगाची पानं डावीकडे, वाध्यारांची वही उजवीकडे, मध्ये मृत्यूचा उतारा. सुंदररावांनी चष्मा पुसला. मुलीनं सांगितलं ते त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. मग शिक्षक जागा झाला. त्यांनी कागद-पेन्सिल मागितली, चंद्राचं वर्ष किती दिवसांचं, सूर्याचं किती, दर वर्षी फरक किती, अधिक महिना केव्हा, हे सगळं स्वतः मांडून पाहिलं. गणित दोनदा केलं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, आणि त्याचा त्यांना राग आला.

"तरीही भांडें उपडें केलेंच कीं," ते म्हणाले.

"केलें."

"काकांना मारिलें."

"मारिलें. तापटच होते. मीं कोठें नाहीं म्हणतें?"

सुंदरराव उजवीकडच्या नकला पुन्हा पाहू लागले. एकेका वर्षावर बोट ठेवून मोजू लागले. "बावीस."

"बावीस वर्षें. एक चुकलें नाहीं."

"आणि मीं त्याचें एकही केलें नाहीं," सुंदरराव म्हणाले. "चोपन्न वर्षें. तिथी ठाऊक नाहीं म्हणून सर्वपित्रीला नुसतें पाणी सोडलें, तेंही घाईनें." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "पण अंबुजा, आतां त्याचें नांव पुकारायचें म्हणजे काकांना खोटें पाडायचें. ज्यांनीं मला माणूस केलें, त्यांना."

"काकाआजोबांनीं एक अक्षर खोटें लिहिलें नाहीं, अप्पा. थोरला त्यांच्या नवमीला आला नाहीं, हें खरेंच. तो आपल्या नवमीला आला, हेंही खरें."

"आणि तें पत्र? न फोडतां परत केलेलें?"

"तें मात्र फोडायला हवें होतें," त्या म्हणाल्या.

"हूं," सुंदरराव म्हणाले. नकला त्यांनी गोळा केल्या, कडा जुळवल्या आणि स्वतःच्या उशाखाली ठेवल्या. "बघूं."

हे 'बघूं' पुढे अडीच महिने टिकलं. जननीनं फोनवर विचारलं, रविशंकरनं आडून विचारलं, पत्रिका छापणाऱ्यानं सरळ विचारलं. सगळ्यांना तेच उत्तर. शेवटी पत्रिका पणजोबांच्या नावाशिवायच छापली. मृत्यूच्या उताऱ्यावरून अंबुजाबाईंनी आजोबांची तिथी काढली आणि एकदा जेवताना हळूच म्हणाल्या, "अप्पा, पुढच्या वर्षीं करायचें ठरलेंच, तर आपल्या पंचांगानें करायचें कीं त्यांच्या वाध्यारांच्या?"

"दोन्हीं," सुंदरराव ताक ओरपत म्हणाले. "पुन्हां भानगड नको."

श्राद्धाचं ठीक होतं, ते घरातल्या घरात. पण भर मांडवात, सगळ्या नातेवाइकांसमोर, ज्यांनी काकांच्या हातचं खाल्लं होतं त्यांच्यासमोर नाव घ्यायचं, यावर म्हातारा काही बोलेना. जननीनं पुरोहितांना स्वतः लिहून दिलं: पणजोबा, कृष्णमूर्ती. पुरोहितांनी कागद घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. अंबुजाबाईंच्या आणि रविशंकरच्या लग्नात याच पुरोहितांच्या वडिलांनी तुळजारावांचं नाव पुकारलं होतं, आणि सुंदररावांचा आवाज त्यांच्याही ओळखीचा होता.

लग्नाच्या सकाळी सुंदरराव जरीचं धोतर नेसून, काठी घेऊन, अगदी पुढच्या खुर्चीवर येऊन बसले. खुर्ची त्यांनी मुद्दाम कडेची घेतली होती, वाटेलगतची. अंबुजाबाईंनी ते पाहिलं. उठून जायचं असेल तर तीच खुर्ची सोयीची. त्या मांडवात इकडून तिकडे सामान नेत राहिल्या, पण डोळा त्या काठीवर होता. जननी वडिलांशेजारी बसली होती, तिरुभुवनम्‌ची लाल साडी नेसून. तिचा डोळाही तिथंच. कार्तिकला सगळं माहीत होतं. तो बिचारा दोघींच्या नजरा जातात तिकडे पाहत होता.

नावांची वेळ आली. पुरोहितांनी घसा साफ केला. गोत्र खणखणीत म्हटलं, प्रवर खणखणीत म्हटला, आणि पणजोबांच्या नावाशी येताच त्यांचा आवाज एकदम विहिरीत पडल्यासारखा झाला. ओठ हलले. कृष्णमूर्ती होतं की आणखी काही, पहिल्या रांगेलाही कळलं नाही. पुढे "सुंदररावशर्मणः पौत्रीम्" मात्र पुन्हा खणखणीत.

सुंदररावांनी काठी जमिनीवर टेकली आणि ते उठले.

रविशंकरच्या हातातला नारळ हलला. अंबुजाबाई हातात चंदनाची वाटी घेऊन जिथं होत्या तिथंच थांबल्या.

"ऐकूं आलें नाहीं!" सुंदरराव गरजले.

पुरोहितांनी घाबरून वर पाहिलं. "काय, मामा?"

"पहिलें नांव. गिळलेंत तुम्हीं. पुन्हां म्हणा." त्यांनी नावाचे दोन तुकडे मुलाला पाढा शिकवावा तसे सुटे सुटे करून सांगितले. "कृष्ण. मूर्ती. माझे वडील. पापनाशम् स्टेशनांत होते. म्हणा, मोठ्यानें."

पुरोहितांनी म्हटलं. या वेळी असं म्हटलं, की मांडवाच्या बाहेर चपला सांभाळणाऱ्या बाईनंही मान वळवली. नादस्वरवाल्यांना आधीपासून सांगून ठेवलं होतं, की आतून मोठा आवाज आला की मुहूर्ताचं वाजवायचं, म्हणजे इतर सगळे आवाज बुडवणारं ते धडाक्याचं वादन. त्यांनी हाच तो आवाज समजून तवीलचा ढोल आणि नादस्वराची सनई एकदम सुरू केली. मागच्या रांगांना वाटलं, मंगळसूत्र बांधलं. त्यांनी अक्षता टाकल्या. एका मावशींनी डोळे पुसले. कार्तिकनं मंगळसूत्राचं ताट आपल्यापासून अजून सहा फूट लांब असल्याची खात्री करून घेतली. जननी डोक्यावरच्या अक्षता झटकत इतकी हसली, की तिच्या कपाळावरची बाशिंगाची दोरी सुटली आणि अंबुजाबाईंना वाटी ठेवून ती बांधायला धावावं लागलं.

दोरी बांधता बांधता त्यांनी खांद्याला डोळे पुसले. "रडूं नका, आत्या," जननी म्हणाली. "तुमचें पाहून मीं रडेन, काजळ पसरेल."

शेवटी कुणीतरी धावत जाऊन वाजंत्री थांबवली. मांडव शांत झाला. पुरोहित घाम पुसत होम पेटवायच्या तयारीला लागले, तोच समोरून आवाज आला. सुंदरराव अजून उभेच होते, एक बोट वर केलेलं.

"होम मग," ते म्हणाले. "पहिलें गिळलेलें मीं धरीत नाहीं. एकदां झालें. अजून दोनदां राहिलें."